भुताला काय जमत नाही? मुंबईत घडणारी अद्भुत रहस्यकादंबरी लिहिणाऱ्या नवोदितांसाठी

१९२९ साली एका इंग्रज पाद्र्याने रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. त्यातला दुसराच नियम असा, की गोष्टीत अतिमानवी शक्तींना थारा द्यायचा नाही. कारण उघड आहे. बंद खोलीत खून झाला आणि शेवटच्या प्रकरणात कळलं की खुनी भिंतीतून निघून गेला, तर वाचक पुस्तक भिरकावून देतो. त्याचं काही चुकत नाही.

आपल्याला मात्र तेच लिहायचंय. आजची मुंबई, तिच्यात भुतंखेतं, आणि तरीही वाचकाला फसवल्यासारखं न वाटणारं कोडं. हे जमतं, फक्त भुताला काय जमत नाही ते वाचकाला वेळेत सांगावं लागतं, शक्यतो खून पडण्याच्या आधीच. खालच्या सगळ्या पायऱ्या याच अटीतून निघाल्या आहेत. डोळ्यासमोर काहीतरी हवं म्हणून सोबत एक गोष्टही रचत जाऊ: लालबागमधली जुनी चाळ, आवारात पिंपळ, पिंपळावर मुंजा आणि तिसऱ्या मजल्यावर एक मृत्यू.

पायरी १: एकच भूत घ्या आणि त्याच्या नियमाला नडा

आपल्याकडे माल कमी नाही. मुंजा, हडळ, जखीण, खवीस, समंध, वेताळ, गिऱ्हा, चकवा, देवचार, राखणदार. नव्या लेखकाला हे सगळे एकाच कादंबरीत हवे असतात. एकच घ्या. दुसरा घ्यायचाच असेल तर तो पहिल्याच्या विरोधात उभा राहणारा असू दे.

या मंडळींची खरी गंमत त्यांच्या मर्यादेत आहे. गिऱ्हा पाण्यात राहतो. चकवा वाट चुकवतो, स्वतःच्या हाताने मारत नाही. राखणदार आपली हद्द सांभाळतो, हद्दीपलीकडे त्याचं चालत नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा, आणि त्याचं बिऱ्हाड पिंपळावर. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या या हद्दी आखून ठेवल्या आहेत आणि रहस्यकथेला हद्दच लागते. रक्तपिपासू सरदार आणि लांडगामानव परदेशातून आणायचे, मग त्यांना गिरणगावात रुळवायला पन्नास पानं खर्च करायची, हा व्यवहार मला कधीच कळला नाही.

लोकसमजुतीवर आपला एक नियम बसवा. आपल्या गोष्टीत तो असा: मुंजा पिंपळाच्या सावलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. हा नियम मी बेतलेला आहे, पण ऐकणाऱ्याला तो खरा वाटेल इतका पिंपळाला धरून आहे.

आता त्या नियमाला नडा. वकील साक्षीदाराला नडतो तसं. सकाळी सावली कुठे पडते? दुपारी बारा वाजता मुंजाला बुंध्याशी बसून राहावं लागतं का? ढगाळ दिवशी? पानगळीत? आणि रात्री? रात्रीची सावली चंद्राची, पण मुंबईत चंद्राची सावली बघितलीय कुणी? इथे रात्रीची सावली रस्त्यावरच्या दिव्याची. म्हणजे पिवळा दिवा जाऊन पांढरा एलईडी आला, खांब चार हात सरकला, की मुंजाचं राज्य एका रात्रीत बदललं. आणि कुणी पिंपळाच्या मागे, बुंध्याजवळ, जमिनीलगत हॅलोजन लावला तर? दिवा जितका खाली आणि झाडाजवळ, तितकी सावली समोरच्या भिंतीवर मोठी. ती थेट तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पोचते.

आपला खून सापडला. बघा, तो भुताच्या शक्तीतून आलेला नाही. भुताच्या अडचणीतून आलाय.

पायरी २: हत्यार भुताचं, हात माणसाचा

खुनी भूतच निघालं तर वाचकाला हेतूचा शोध घेता येत नाही, कारण भुताचा हेतू बहुधा एकच असतो आणि तो पहिल्याच प्रकरणात कळतो. म्हणून खून माणसाने करवावा. मुंबईत हेतू शोधायला लांब जावं लागत नाही. जागा. पागडीची खोली, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी) इमारत, पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही न करणारा एक म्हातारा, भाडेपावतीवर नाव कुणाचं आणि राहतं कोण, संक्रमण शिबिरात गेलेली बिऱ्हाडं परत येतात का. यातली कुठलीही ओळ उचलली तरी चार संशयित उभे राहतात.

एक सावधगिरी. म्हातारा सही करत नव्हता म्हटल्यावर वाचक लगेच बिल्डरकडे बोट दाखवणार. दाखवू दे. बिल्डर हा आपला पहिला चकवा. खरा खुनी त्या चाळीतला, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, दर शनिवारी पिंपळाला दिवा लावणारा असावा. म्हातारा गेला तर खोली त्याच्याकडे येत नाही, असं सुरुवातीला दिसावं. पुढे एक जुनी भाडेपावती सापडावी आणि ते गणित उलटं व्हावं.

रहस्यकथेत संशयिताकडे तीन गोष्टी तपासतात: हेतू, साधन, संधी. या प्रकारच्या कादंबरीत चौथी येते आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. नियम कुणाला माहीत होता? मुंजा सावलीला बांधलेला आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो हॅलोजन लावून खून करूच शकत नाही. म्हणून नियम वाचकाला सांगताना हवेत सांगू नका. एखादी आजी गॅलरीत लसूण सोलता सोलता सांगते आहे, दोन पोरं ऐकताहेत, पलीकडे कुणी नळाखाली बादली लावून उभं आहे, कुणी जिन्यावर चपला घालतंय. वाचक तो प्रसंग आजीच्या रंगतदार बोलण्यासाठी वाचतो. दोनशे पानांनंतर प्रश्न येतो, त्या संध्याकाळी जिन्यावर कोण होतं?

पायरी ३: तपास कोण करणार?

सेवानिवृत्त पोलीस अधिकारी, दारू पिणारा खाजगी गुप्तहेर आणि तंत्रमंत्र जाणणारा प्राध्यापक, या तिघांना थोडी सुट्टी द्या. मुंबईत झाडापाशी अधिकृतपणे कोण जाऊ शकतं? महापालिकेची कनिष्ठ वृक्ष अधिकारी. लालबाग-परळ हा एफ दक्षिण विभाग. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला परवानगी लागते, त्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. ती नोटीस तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल, बुंध्याला डकवलेली, पावसाने अर्धी फाटलेली. त्या कागदावर तारीख असते. आपल्या गोष्टीत ती तारीख पहिला पुरावा आहे. नोटीस लागल्यानंतर कुणाला तरी घाई झाली, कारण झाड गेलं की मुंजा गेला आणि मुंजा गेला की हत्यार गेलं.

अशी नोकरी निवडल्याचा दुसरा फायदा म्हणजे ती बाई जे पाहते ते नोकरीचा भाग म्हणून पाहते. फांद्या, ढोली, सावली, दिव्याचा खांब. निरीक्षणशक्ती फार आहे असं कुणाच्या तोंडून वदवून घ्यावं लागत नाही.

पोलीस लागतीलच. इथे अभ्यास करा. संशयास्पद मृत्यूची आधी अपमृत्यू म्हणून नोंद होते, पोलीस तिला एडीआर म्हणतात. मग पंचनामा, शवविच्छेदन, आणि घातपात दिसला तर गुन्हा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, त्यामुळे आजच्या कथेत मृत्यूची ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते आणि खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. तीनशे दोन हे जुन्या हवालदाराच्या तोंडात सवयीने येऊ शकतं, लेखकाच्या निवेदनात येऊ नये. कथा १९९९ च्या आधीची असेल तर मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर होता, आणि त्या कॉरोनरसमोर भुताने मारल्याची साक्ष देणारा भाडेकरू हा प्रसंग कुणीतरी लिहायलाच हवा. प्रेत रुळांवर सापडलं तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं. दोन ठाण्यांत हद्दीवरून वाद झाला की तपास तसाच लोंबकळतो, आणि तुम्हाला एक फुकटचं प्रकरण मिळतं.

पंचनाम्यात मुंजा लिहिता येत नाही. म्हणून या कादंबरीला शेवट दोन लागतात. एक वाचकासाठी, ज्यात मुंजा आहे. दुसरा कागदासाठी, ज्यात मुद्दाम लावलेला हॅलोजन, बंद पाडलेला रस्त्यावरचा दिवा, बनावट भाडेपावती आणि हृदयविकाराचा जुना रुग्ण आहे. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण पटले पाहिजेत. एकच पटला तर कादंबरी लंगडते.

देवऋषी किंवा भगत यांना नायक करायचं असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून ठेवा. त्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, म्हणजे तुमच्या नायकाला कथेतच एक कायदेशीर शत्रू मिळतो. आणि गंभीरपणे सांगायचं तर चेटकीण ठरवून बाईला मारहाण होणं हा या राज्यातला खरा गुन्हा आहे. तुमच्या भगताने बोट दाखवलेली बाई शेवटी खरंच दोषी निघू नये, इतकं तरी पाळा.

पायरी ४: देवालाच विचारलं तर?

हा प्रश्न वाचक विचारणार. मुंजा आहे म्हणजे देवही आहे, मग त्यालाच विचारा की खून कुणी केला. अनेक होतकरू हस्तलिखितं इथेच बुडतात. देव झोपला आहे, शक्ती क्षीण झाली आहे, आज अमावस्या नाही असल्या सबबी सांगितल्या जातात.

आपल्याकडे तोडगा तयार आहे. गिरणगावात कोकणातून आलेले चाकरमानी, आणि कोकणात देवाला कौल लावायची रीत. देवाच्या अंगावर फुलं किंवा पानं चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. म्हणजे देव उत्तर देतो, पण हो किंवा नाही एवढंच. खुन्याचं नाव तो सांगू शकत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या अकलेवर सगळं अवलंबून.

इथे कोड्याला धार येते. मेलेल्या म्हाताऱ्याचा भाऊ गावी जाऊन विचारतो, ‘माझ्या भावाक माणसान मारल्यान काय?’ कौल डावा. सगळे समजतात नैसर्गिक मृत्यू. देव खोटं बोलला नाही, मारलं मुंजानेच. प्रश्न चुकला. वृक्ष अधिकारी बाईंना हे उमगतं तेव्हा त्या पुन्हा कौल लावायला सांगतात आणि या वेळी प्रश्न वेगळा असतो. तो प्रश्न काय असावा, हे ठरवायला तुम्हाला आठवडा लागला तरी लागू द्या. कादंबरीतलं ते सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे.

पायरी ५: शहराची एकच जखम निवडा

मुंबईचा इतिहास हाताशी आला की लेखकाचा तोल जातो. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटा होत्या, त्या आकाशातून पडल्या. १९६५ साली काळा घोडा चौकातून स्वारासकट घोड्याचा पुतळा हलवला, २०१७ साली तिथे नवा घोडा आला तो स्वाराविनाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. प्रत्येकात एक कादंबरी आहे, म्हणूनच एका कादंबरीत एकच घ्या.

कुठली घ्यायची हे भूत ठरवतं. आपला मुंजा कधी मेला? मी १८९६ म्हणेन. मांडवीत प्लेग सुरू झाला, लोक घरंदारं टाकून शहराबाहेर पळाले. पिंपळाजवळच्या बिऱ्हाडातला एक मुलगा मागे राहिला आणि त्याचं कुणी काही केलं नाही. चाळ नंतरची, पिंपळ आधीचा. चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात, १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. हाफकिन संस्था आजही तिथेच आहे. म्हणजे आजच्या पात्राला इतिहास शोधायला बसने दोन थांबे जावं लागतं, पुरे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही जवळच. स्वतः लेखकानेही तिथे चक्कर मारावी, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचाव्यात. त्या काळचं बोलणं बातम्यांपेक्षा जाहिरातींत जास्त सापडतं.

जुन्या काळाची रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे ठेवून जातो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने तिला दाद दिली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात मुंबई वेळ चालत होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. दोन घड्याळं, दोन्ही बरोबर. साक्षीदार सांगतो सव्वानऊ, पण कुठल्या घड्याळात? आणि ती ३९ मिनिटं कुणाची तरी असतील तर? मी लिहिणार नसेन तर तुम्ही लिहा.

आजच्या कथेत घड्याळाचं काम लोकल करते. शेवटची गाडी रात्री एकच्या आसपास, पहिली पहाटे चारच्या सुमाराला. मधल्या वेळात कल्याण-विरारचा संशयित लालबागला आला असेल तर टॅक्सीने, म्हणजे माग ठेवून. खून त्या पोकळीत घडवा, संशयितांची यादी आपोआप आखूड होते.

गुप्ततेबद्दल, थोडक्यात

परदेशी पद्धतीच्या या कादंबऱ्यांत जादूचं जग सामान्यांपासून लपवलेलं असतं. मुंबईत त्याची गरज नाही. दर शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शहरात मुंजा आहे म्हटलं तर कुणी दचकणार नाही, फक्त विचारतील की पार्किंगला अडचण होणार आहे का. इथे लोकांना माहीत असतं. त्यांना वेळ नसतो. हा सूर धरला की विनोदही मिळतो आणि भीतीही, कारण माहीत असून कुणी थांबत नाही.

पायरी ६: बोलणं

पात्रांच्या तोंडी छापील मराठी घालू नका आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मुंबइया बोलीही घालू नका. आजी मालवणीत बोलेल, तिचा नातू तिला मालवणीत उत्तर देणार नाही. हवालदार वृक्ष अधिकारी बाईंना मॅडम म्हणेल, आजी त्यांना ‘गो बाय’ म्हणेल, चाळीतली पोरं ‘झाडवाल्या ताई’. मुंजाला कोण काय म्हणतं तेही ठरवा. घाबरणारे मुंजोबा म्हणतात. आजी त्याला ‘अरे झिला’ म्हणते, कारण तिच्या लेखी तो आठ वर्षांचा पोरच आहे. खुनी त्याला कधीच काही म्हणत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतो. चाणाक्ष वाचकाला तेवढं पुरतं.

पायरी ७: उलटं लिहा, सुलटं पेरा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी खुनाची रात्र मिनिटामिनिटाने कागदावर उतरवा. डाव्या बाजूला काय घडलं, उजव्या बाजूला कुणाला काय दिसलं. आपल्या गोष्टीत डावीकडे: बाराच्या सुमाराला रस्त्यावरचा दिवा बंद पाडला, सव्वा वाजता हॅलोजन लावला, सावली गॅलरीत चढली, म्हातारा मोरीकडे जायला बाहेर आला, दीडच्या आधी हॅलोजन विझला.

उजवीकडे यातली एकही गोष्ट सरळ येता कामा नये. समोरच्या इमारतीतली बाई तक्रार करते की त्या रात्री बेडरूममध्ये उजेड आला आणि बाळ उठलं. ती बिल्डरच्या कामावर चिडलेली आहे, त्यामुळे वाचक ते तिच्या रागाच्या खाती टाकतो. रस्त्यावरचा दिवा बंद असल्याची बेस्टकडे तक्रार नोंदवलेली आहे, ती एका कंटाळवाण्या आजोबांनी, जे रोज कशाची ना कशाची तक्रार नोंदवतात. पिंपळावरचे कावळे मध्यरात्री ओरडले, याला चाळीत अपशकुन मानलं गेलं. प्रत्यक्षात त्यांच्या डोळ्यांवर उजेड आला. सकाळी बुंध्याशी पंखांचा खच पडलेला आहे, पहिल्या पावसानंतरची पाखरं. पाखरं दिव्याला येतात. तिथे दिवा नाही.

प्रत्येक धागा दोनदा यावा. पहिल्यांदा दुसऱ्याच कशाच्या तरी आडून, म्हणजे विनोद, भांडण, वर्णन. दुसऱ्यांदा उलगड्यात, जसाच्या तसा. उलगड्यात नवी माहिती आली, मग ती मुंजाबद्दल असो वा भाडेपावतीबद्दल, तर कुठेतरी मागे जाऊन ती पेरून या. भुताच्या बाबतीत हे जास्त कडक पाळा. माणसाबद्दलची एखादी उशिरा आलेली गोष्ट वाचक माफ करतो. भुताला शेवटच्या वीस पानांत नवी शक्ती मिळालेली तो माफ करत नाही.

लांबीचं विचाराल तर पहिल्या कादंबरीला पन्नास-साठ हजार शब्द भरपूर झाले. पहिल्या वीस-पंचवीस पानांत नियम, त्यानंतर लगेच मृत्यू, साधारण मध्यावर कौल, आणि दुसरा कौल उलगड्याच्या तोंडाशी.

पायरी ८: वाचून घ्या, पण मध्येच थांबवून

कच्चा मसुदा दोन प्रकारच्या माणसांना द्या. एक रहस्यकथा ढीगभर वाचणारा आणि भुतांवर नाक मुरडणारा. दुसरा त्याच्या बरोबर उलटा. दोघांनाही उलगड्याच्या आधीपर्यंतचीच पानं द्या, पुढची देऊ नका, आणि दोन प्रश्न लिहून द्या. खुनी कोण वाटतो? मुंजाला काय करता येत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोघांचं चुकलं तर हरकत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र दोघांनाही, पान न उलटता, एका वाक्यात देता आलं पाहिजे. नाही आलं तर आजीच्या लसणाच्या प्रसंगाकडे परत जा आणि तिथे एक ओळ वाढवा. मग उरलेली पानं द्या आणि शेवट वाचून ते मागची कुठली पानं पुन्हा उघडतात ते समोर बसून बघा. पानांचे आकडे टिपून ठेवा, पुढच्या मसुद्यात कात्री लावताना तेवढी पानं सोडून बाकीच्यांना लावायची.